अण्णांचे गुडघेपट्टे

उल्काताई बापटांनी कुणाला फसवलं, असं हेदवीपासून वेळणेश्वरापर्यंत कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. तालुक्याच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी करून त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात साहेबांना दुसरं काही सुचलं नाही, तेव्हा ते एवढंच बोलले, की बापटबाई ‘उद्या या’ म्हणाल्या की काम उद्याच होत असे. उल्काताईंना हे वाक्य फार आवडलं होतं. कुणी जुन्या नोकरीचा विषय काढला की त्या ते हळूच पुढे सरकवत.

त्यांच्याकडे ससे आले ते लेकीमुळे. उर्वी दोन वर्षं कुल्लूकडे अंगोरा सशांचं शास्त्र शिकायला होती. परतताना तिने चार ससे आणले. कोकणातल्या उकाड्यात लोकरीचे ससे, म्हणून सगळं गाव बघायला लोटलं. सहा महिन्यांत उर्वीला पुण्यात नोकरी लागली. “आई, दोन महिने सांभाळ, मग मी काहीतरी बघते,” असं सांगून ती गेली, त्याला आता चार वर्षं झाली. चाराचे अकरा झाले.

विहिरीजवळच्या जुन्या गोठ्यात त्यांची सोय होती. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, खिडक्यांना ओली गोणपाटं. चैत्र लागला की उल्काताई फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून एकेका पिंजऱ्यात ठेवत आणि ससे त्या बाटल्यांना पाठ लावून डोळे मिटून पडून राहत. दुपारी वीज गेली की उल्काताई स्वतःचा पंखा सोडून आधी गोठ्यात जात. रताळ्याचे वेल, फणसाचा पाला, मूठभर भरडा. दर अडीच महिन्यांनी कात्रीने लोकर उतरवायची. एका सशाची लोकर जेमतेम एका उशीच्या अभ्र्यात मावेल एवढी फुगायची, आणि वजन करायला गेलं तर काटा हलायचा नाही.

या लोकरीचं सूत काढायची सकिना. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात तिचं घर. नवरा बोटीवर होता तो वारला, मुलगा अद्नान कुवेतला, घरात ती आणि सून समरीन. सकिनाच्या माहेरी काथ्याचं काम. लहानपणापासून तिने तळहातावर सुंभ वळलेला. म्हणून उल्काताईंनी पहिल्यांदा लोकर आणि टकळी तिच्या हाती दिली, तेव्हा तिच्या बोटांनी त्यांना येत होतं तेच केलं. आठवड्याने आलं ते सूत असं पिळाचं आणि कडक, की उल्काताई म्हणाल्या, “सकिनाभाबी, याला म्हैस बांधता येईल.”

“बांधून बघ तर वैनी. सुटली तर माझं नाव बदल.”

दोघी ओटीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. पुढे सकिना शिकली. काथ्याला जोर लागतो, सशाला नुसता धीर लागतो, असं ती समरीनला सांगायची. तिचं सूत पाहून उर्वीनेही फोनवर मान्य केलं, की तिकडच्या बायकांपेक्षा हे बारीक आहे.

मागच्या गणपतीत अण्णा जोगळेकरांच्या घरी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. कार्तिकात सोहळा करायचा ठरलं होतं. अण्णा म्हणजे गावातलं सर्वांत मोठं माणूस, वयानेही आणि शब्दानेही. पन्नास वर्षं कलमांची बाग राखलेली, कुणाच्या बांधाचा वाद असो की घरातल्या वाटणीचा, अण्णा बोलले की मिटला. पण गुडघ्यांनी त्यांना धरून ठेवलं होतं. त्या दिवशी पाटावरून उठताना त्यांना दोघांनी हात दिला. ते पाहून उल्काताई बोलून गेल्या, “अण्णा, सोहळ्याला तुम्हाला माझ्या सशांच्या लोकरीचे गुडघेपट्टे. लोकर माझी, विणकामही माझंच.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उल्काताईंना फार बरं वाटलं.

त्या बरं वाटण्यापायी पुढचं सगळं बिघडलं. लोकर उतरवायचे दिवस तेव्हाच भरत आले होते. पण अण्णांसाठी चांगली लांब, दुधासारखी लोकर हवी, म्हणून उल्काताईंनी कात्री लावली नाही. सकिना एकदा पाला घेऊन आली होती, तिने गोठ्यात डोकावून सांगितलं, “वैनी, कापून टाक. हवेत ओल किती आहे बघ. जटा होतील.”

“पंधरा दिवस थांबते गो. मला लांब हवी.”

पंधरा दिवसांचा महिना झाला. भाद्रपद सरला तरी पाऊस हटेना. कोजागरीला उल्काताईंनी कंगवा घातला तर तो जागेवरच अडकला. पोटाखाली, मानेखाली, मांड्यांत लोकरीच्या घट्ट वड्या झाल्या होत्या. दोन दिवस त्या कात्रीने एकेक वडी सोडवत बसल्या. सशांची कातडी लाल झाली होती. त्या बिचाऱ्यांनी हूं की चूं केलं नाही, त्याने उल्काताईंना आणखीच वाईट वाटलं. सगळी लोकर माडाच्या आळ्यात गेली. नवी यायला पौष उजाडणार होता.

अण्णांना तसं सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि गोष्ट तिथेच संपली असती. हे उल्काताईंना तेव्हाही कळत होतं. पण टाळ्या पडल्या होत्या. आणि सकिनाने आधीच बजावलं होतं, तिला तोंड कसं दाखवायचं हाही प्रश्न होता. तेव्हा त्या चिपळूणला गेल्या, एका दुकानातून स्वेटरची पांढरी लोकर घेतली. ती लोकर म्हणजे नुसता कृत्रिम धागा होता, ते त्यांना हाताला लागताच कळलं. त्यांनी चार दिवसांत दोन पट्टे विणले, बांधायला नाड्या लावल्या. पट्टे फार गुळगुळीत दिसत होते. मग त्यांनी दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि ओटीचं दार लावून दोन्ही पट्टे घासून घासून त्यांच्यावर सशासारखी लव उठवली.

खोटं बोलणं एका वाक्यात होऊन जातं. हे काम करायला दीड तास लागला. मध्येच कधीही थांबता आलं असतं, हे त्यांना पुढे फार दिवस टोचत राहिलं.

सोहळ्यात अण्णांनी पट्टे कपाळाला लावले. सकिना आणि समरीनही जेवायला होत्या. सकिनाने पट्ट्यांकडे पाहिलं आणि हात धुताना विचारलं, “सूत कुठून आणलंस वैनी? लोकर तर गेली ऐकलं.”

“थोडी निघाली होती चांगली. मीच काढलं सूत.”

सकिना “बरं” म्हणाली.

आणि अण्णांचे गुडघे खरंच हलके झाले. थंडीत चालणं वाढलं म्हणून, की मनाने घेतलं म्हणून, कोण सांगणार. ते सकाळी देवळापर्यंत जाऊ लागले. वाटेत भेटेल त्याला धोतर किंचित वर करून पट्टा दाखवत. “उल्केच्या सशांची किमया हो. घ्या करून तुम्हीपण.” अण्णांनी सांगितल्यावर काय, सात जणांनी पट्टे मागितले. उल्काताई प्रत्येकाला हो म्हणाल्या. मनात त्यांनी असं ठरवलं, की आता येणाऱ्या खऱ्या लोकरीने सगळं फिटून जाईल. अण्णांनाही एक नवी जोडी देऊ आणि जुनी मागून घेऊ.

पौषात लोकर आली. सकिनाने महिनाभर बसून तिचं सूत काढलं, उल्काताईंनी पट्टे विणले, वाटले. अण्णांनी मात्र नवी जोडी घेतली नाही, ‘मला हीच लाभली’ म्हणाले. फाल्गुनातल्या दुसऱ्या शनिवारी ज्येष्ठ मंडळाची पंधरवड्याची बैठक शाळेच्या जुन्या खोलीत भरली आणि चहा यायच्या आत यमुनाबाईंनी पिशवीतून आपले पट्टे काढून टेबलावर ठेवले.

“उल्काताई, राग मानू नका. पण याचे केस सुटतात. माझ्या सगळ्या पातळांवर केस. सून म्हणते, घरात मांजर आणलंत का.”

“आणि गरम किती होतं,” मागून कुणी म्हणालं. “मांडीवर खरंच मांजर बसल्यासारखं.”

हरिश्चंद्र मंडळाचा चिटणीस. एसटीत ड्रायव्हर होता, अजूनही खोलीतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायचा. “माझे तर सैल होऊन घोट्यात आले. काल वाटलं, गुडघाच खाली घसरला. अण्णा, तुमचे बघू जरा.”

अण्णांनी एका गुडघ्याचा पट्टा सोडून दिला. हरिश्चंद्रने तो टेबलावर बाकीच्यांशेजारी ठेवला. चार महिने वापरलेला, तरी आटोपशीर, एक केस सुटत नव्हता.

“हा बघा. याला म्हणतात लोकर. ही बाकीची काहीतरी वेगळीच आहे.”

“लोकर त्याच सशांची ना?” यमुनाबाईंनी विचारलं. “मग मध्ये काय झालं? सूत कोण काढतं?”

कुणीतरी सकिनाचं नाव घेतलं. मग खोलीत ती शांतता झाली, जिच्यात सगळ्यांचा एकच विचार असतो आणि बोलायचं दुसऱ्याने अशी प्रत्येकाची इच्छा असते.

“चांगली लोकर ठेवून घेतली असेल,” यमुनाबाई शेवटी म्हणाल्या. “भरीला दुसरं काही घातलं असेल. मी आपलं म्हणते.”

“त्यात काय, आत्ता बघू,” हरिश्चंद्रने खिशातून काडेपेटी काढली. “एकेक धागा जाळायचा. केस असला तर केस जळल्याची घाण येणार. भेसळ असली तर गोळा होऊन चिकटणार. यमुनाबाई, तुमचा द्या. आणि अण्णांचाही एक धागा ओढू, म्हणजे फरक कळेल.”

सकिनाचं सूत जळून सोन्यासारखं खरं ठरणार होतं. पण त्याच्या पुढचीच काडी अण्णांच्या पट्ट्याला लागणार होती. त्या उठल्या आणि हरिश्चंद्रचा हात धरला.

“नको हरिश्चंद्र. कशाला उगाच कुणाला उघडं पाडायचं? गरीब आहे ती. झालं असेल काही तर मी तिच्याशी बोलेन. तुम्हा सगळ्यांना मी पट्टे बदलून देते.”

त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. खोलीत सगळ्यांना तो भिडला. अण्णा म्हणाले, “हे असं मन पाहिजे.” यमुनाबाईंनी मान डोलावली. हरिश्चंद्रने काडेपेटी खिशात घातली. चहा आला. उल्काताईंनी कप हातात घेतला आणि त्यांना जाणवलं, की सकिनाला चोर म्हणून कुणी पक्कं केलं असेल तर ते यमुनाबाईंनी नव्हे. यमुनाबाईंना नुसता संशय होता. उल्काताईंनी स्वतः दया दाखवून तो खरा ठरवला होता.

गोष्ट खाडी ओलांडायला दोन दिवस लागले. यमुनाबाईंनी सकिनाकडे शिवायला दिलेली गोधडी अर्धवट परत आणवली. आणखी एका घरातून साडीचे फॉल लावायचं काम यायचं, ते थांबलं. मंगळवारी सकाळी सकिना उल्काताईंच्या ओटीवर आली. उरलेल्या लोकरीची पिशवी, टकळी, सगळं खाली ठेवलं. बसली नाही.

“घे वैनी. बघून घे.”

“अहो बसा तरी, भाबी.”

“बसायला नाय आले. एक विचारायचं होतं. अण्णांच्या पट्ट्याचं सूत मी काढलं नाय. कुणी काढलं?”

खरं बोलायला याहून सोपी वेळ येणार नव्हती. ओटीवर तिसरं कुणी नव्हतं.

“मी काढलं,” उल्काताई म्हणाल्या.

सकिनाने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. रागाने नाही. बाजारात मासा बघावा तसं, कल्ल्यांपर्यंत.

“मग यापुढे तूच काढ. तुझ्या सुताचा केस सुटत नाय.”

ती गेली. उल्काताईंनी पिशवी उचलून आत नेली आणि पुढचे कितीतरी दिवस ती जिथे ठेवली तिथेच राहिली. गोठ्यात जाणं चुकत नव्हतं, पाला घालणं चुकत नव्हतं. ससे अंगावर हात फिरवून घ्यायचे. पूर्वी उल्काताई त्यांच्याशी बोलायच्या, ते बंद झालं. रस्त्यात कुणी भेटलं की, “फार सांभाळून घेतलंत हो तिला,” असं म्हणायचं. एकदा तर त्या अशा वाक्यावर “छे, त्यात काय” म्हणून गेल्या आणि घरी येऊन जेवल्या नाहीत. उर्वीचा फोन आला तेव्हा तिने सकिनाकाकूंची चौकशी केली. उल्काताईंनी उन्हाळा फार आहे असं सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात त्या अण्णांकडे गेल्या. अण्णा पडवीत बसले होते, गुडघ्यांवर पट्टे होते. उल्काताई समोरच्या बाकावर बसल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. जटा, चिपळूण, ब्रश, हरिश्चंद्रची काडेपेटी. सांगताना त्या अण्णांच्या पायांकडे बघत होत्या.

अण्णांनी वाकून एक नाडी सोडली, दुसरी सोडली. त्यांना वाकायला त्रास होत होता. उल्काताई मदतीला उठल्या तर त्यांनी हाताने नको म्हटलं.

“चार महिने मी सगळ्यांना धोतर वर करून दाखवत फिरलो.”

“चुकलं अण्णा.”

“माझ्या सांगण्यावरून त्या सात जणांनी घेतले. आणि त्याच पट्ट्याशी ताडून त्या बाईला खोटं ठरवलं सगळ्यांनी. मी तिथेच बसून होतो. वर तुझं कौतुक केलं.” त्यांनी पट्टे घडी करून बाकावर ठेवले. “सकिनाला सांगितलंस?”

“नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं.”

“का?”

उल्काताई बाकावरच्या पट्ट्यांची घडी पुन्हा नीट करू लागल्या.

“माझ्याकडे आधी आलीस, कारण मी ओरडलो तरी मग पाठीवर हात ठेवीन, हे तुला ठाऊक. ती ठेवील की नाही ते ठाऊक नाही. उलटं केलंस उल्के. माझं काय, गुडघा दुखेल. ऊठ, आत्ताच्या आत्ता जा.”

उल्काताईंना वाटलं होतं, सांगून टाकलं की ओझं उतरेल. त्या जोगळेकरांच्या पाखाडीच्या पायऱ्या उतरल्या त्या आणखी खाली मान घालून. अण्णांनी बोट ठेवलं होतं ते बरोबर जागेवर.

सकिना अंगणात कोळंबीचे सोडे वाळत घालत होती. समरीन दारात तांदूळ निवडत होती. उल्काताईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. ब्रशचं सांगितलं तेव्हा समरीनला हसू फुटलं. “दात घासायच्या? या अल्ला,” म्हणून तिने ओढणी तोंडावर धरली. सकिना हसली नाही. तिने हातातले सोडे संपेपर्यंत पसरले.

“सोहळ्यालाच कळलं होतं मला,” ती म्हणाली. “सशाची लव हवेने हलते. ती नुसती उभी होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखलंन वैनीने. राखू दे. लोकर गेली, कुणाची जात नाय?” तिने ओढणीला हात पुसले. “त्याचं मला काय नाय वैनी. सभेत तुझ्या हातात होतं. काडी पेटत होती, तू विझवलीस. वर मला गरीब म्हटलंस. मी तुझ्याकडे गरीब म्हणून येत होते काय?”

“नाही.”

“मग कशी म्हणून येत होते?”

उल्काताईंच्या तोंडाशी ‘मैत्रीण’ हा शब्द आला. पण तो उच्चारायचा हक्क आपल्याकडे उरला आहे का, ते त्यांना कळेना.

“शनिवारी सभा आहे ना? मी येणार. माझ्यासमोर बोल.”

शनिवारी सकिना आली ती ठेवणीतली साडी नेसून, समरीनला बरोबर घेऊन. मंडळाची सभासद ती नव्हती, पण अण्णांनी स्वतःच्या शेजारची खुर्ची पुढे केली. उल्काताई उभ्या राहिल्या. भाषण त्यांनी पाठ केलं होतं, ते सगळं विसरायला झालं. त्या एवढंच बोलल्या, “अण्णांचे पट्टे खोटे होते. ते मी केले. सकिनाभाबींचं सूत खरं आहे. मागच्या बैठकीत मला हे माहीत होतं.”

कुणाला पटेना. यमुनाबाई म्हणाल्याही, “तिच्यासाठी स्वतःवर घेताय तुम्ही.” इतका उल्काताईंच्या नावाचा लौकिक. तेव्हा त्यांनी हरिश्चंद्रकडून काडेपेटी मागून घेतली आणि अण्णांच्या पट्ट्याचं एक टोक पेटवलं. ते वितळत गेलं, काळा गोळा झाला, पेटलेल्या प्लास्टिकचा वास सुटला. मग यमुनाबाईंच्या पट्ट्यातला एक धागा ओढून जाळला. केस जळल्याचा उग्र दर्प खोलीभर झाला, बोटांत चिमूटभर राख राहिली. पहिल्या बाकावरच्यांनी नाकाला पदर लावले.

“म्हणजे मांजर खरं होतं,” हरिश्चंद्र म्हणाला. कुणी हसलं नाही, तसा तोही खाली बसला.

यमुनाबाई उठून सकिनाजवळ गेल्या. “गोधडी परत धाडते हो उद्या.”

“धाडा,” सकिना म्हणाली. “पण उद्या नको. हातात दुसरं काम आहे, झालं की सांगते.” काम नव्हतं, हे उल्काताईंना ठाऊक होतं. यमुनाबाईंना नव्हतं, आणि त्या मान खाली घालून जागेवर बसल्या.

बैठक संपली. अण्णा काठी टेकत निघाले, त्यांना आज पायऱ्या उतरायला हरिश्चंद्रचा खांदा लागला. बाकीचे उल्काताईंच्या बाजूने जाताना एक तर फारच सहज बोलले किंवा बोललेच नाहीत. सकिना अंगणात चपला घालत होती. उल्काताई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“भाबी, लोकर उतरवायची वेळ झालीय. यंदा ऊन फार आहे, थांबता येणार नाही.”

“थांबूच नको. कापून समरीनकडे दे. सूत मी काढीन.”

उल्काताईंनी श्वास सोडला. सकिनाने ते पाहिलं.

“पण तू येऊ नको वैनी, इतक्यात. तुझ्याशी बोलताना मी मनात खरं-खोटं निवडत बसेन. मला ते नको.”

त्या दोघी सासू-सुना खाडीच्या वाटेला लागल्या. उल्काताईंनी सोमवारी लोकर उतरवली, अभ्र्यात भरून समरीनच्या हाती दिली. वैशाखात सूत आलं, नेहमीसारखं बारीक, नीट गुंडाळलेलं. समरीन पाणी पिऊन, सशांना बघून निघाली, तेव्हा उल्काताईंनी विचारलं, “काही सांगितलंय का भाबींनी?”

“नाय,” समरीन म्हणाली. मग तिलाच कसंसं वाटलं असावं. “ती कुणाला काय सांगून पाठवत नाय, काकी.”

“हो, खरं आहे,” उल्काताई म्हणाल्या आणि तिला फाटकापर्यंत सोडायला गेल्या.